जिंकून झाल्यावरचा खेळ

सुलतान परमुलखात मोहिमेवर गेला आहे, त्याच्या गैरहजेरीत वजीर जाफर याने राज्याचा सारा कारभार बळकावला आहे, आणि राजकन्येने आपल्याशी विवाहास रुकार द्यावा, नाही तर मरण पत्करावे, असे फर्मावून त्याने तिला विचारासाठी एका तासाची मुदत दिली आहे. तिचे ज्याच्यावर प्रेम आहे तो परदेशी तरुण त्याच राजवाड्याखालच्या तळघरात निःशस्त्र डांबला गेला आहे. 'प्रिन्स ऑफ पर्शिया' या १९८९ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या व्हिडिओ गेमचा प्रारंभ एवढाच आहे, आणि कथानक म्हणून पाहिले तर अरबी सुरस कथांच्या वाचकाला त्यात नवे वाटावे असे काहीच नाही. परंतु वजिराने दिलेली ती मुदत खेळणाऱ्यालाही तंतोतंत लागू होते, आणि तीही गोष्टीतल्या काल्पनिक तासाने नव्हे, भिंतीवरच्या खऱ्या घड्याळातल्या साठ मिनिटांनी. तरुण खड्ड्यात कोसळून मेला, तर खेळ त्याला त्याच लेव्हलच्या आरंभी पुन्हा उभा करतो, आणि असे कितीही वेळा करतो. गेलेला वेळ मात्र तो कधीही परत देत नाही. त्यात गुण मिळवायचे नाहीत, उरलेल्या आयुष्यांची शिल्लक मोजायची नाही. हिशेब काय तो काळाचा.

या खेळाची डॉस प्रणालीवर चालणारी आवृत्ती १९९० साली निघाली, आणि पुढच्या दशकात आपल्याकडे जिथे जिथे संगणकाचे क्लास निघाले, जिथे जिथे एखाद्या कचेरीत हिशेबासाठी आणलेल्या यंत्रावर काम संपल्यावर मुलांना बसू दिले जाई, तिथे तिथे तो फ्लॉपीवरून फ्लॉपीवर उतरत जाऊन पोचला. आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्या मराठी माणसांपैकी पुष्कळांना संगणकाची पहिली खरी ओढ लागली ती पांढऱ्या कपड्यांतल्या या धावत्या तरुणामुळे. त्यांतल्या कित्येकांना तो खेळ तेव्हा पुरा करता आला नाही. ज्यांनी पुरा केला त्यांच्यापैकीही काही जण अजून, वर्षा-दोन वर्षांनी, सुटीच्या एखाद्या दुपारी त्या तळघरात पुन्हा उतरतात. शेवट त्यांना माहीत असतो, वाटा पाठ असतात, कोणत्या दालनात कोणता सापळा मांडला आहे हे डोळे मिटूनही सांगता येते. मग पुन्हा खेळण्याजोगे त्यात उरते तरी काय?

एकट्याने खेळायच्या व्हिडिओ गेमविषयी सर्वसाधारण समजूत अशी आहे की, तो एकदा जिंकला की त्याचे प्रयोजन संपले. ही समजूत विक्रेत्यांनाही सोयीची असते, कारण मग खेळणाऱ्याला लगेच दुसरा खेळ हवा असतो. आणि म्हणूनच नव्या खेळांच्या जाहिरातींत त्यांचा नकाशा किती विस्तीर्ण आहे, त्यांत किती शे तास घालवता येतील, याची आकडेवारी मोठ्या अभिमानाने दिलेली आढळते. माझे मत याच्या बरोबर उलट आहे. जे खेळ माणसाला वर्षानुवर्षे परत बोलावतात ते बहुधा विस्ताराने मोठे नसतात. त्यांचे नियम मोजके असतात, साधने तुटपुंजी असतात, आणि त्या थोडक्या सामग्रीशी खेळणाऱ्याची इतकी घसट होते की, दुसऱ्या-तिसऱ्या खेपेस तो प्रेक्षक राहतच नाही. किर्लोस्करांचे 'संगीत सौभद्र' १८८२ साली रंगभूमीवर आले. सुभद्रा अखेर अर्जुनालाच मिळणार हे पहिल्या प्रयोगाच्या प्रेक्षकालाही ठाऊक होते, तरीही पुढच्या पिढ्या ते नाटक पुन्हा पुन्हा पाहत राहिल्या, कारण काय होणार यापेक्षा आज ते कसे होणार याची त्यांना उत्कंठा असे. एकट्याने खेळायच्या गेममध्ये हे 'कसे' पूर्णपणे आपल्या हाती सोपवलेले असते. पद म्हणायला उभा राहणारा गायक नट तिथे आपणच असतो.

'प्रिन्स ऑफ पर्शिया'च्या निर्मितीची हकिकत या दृष्टीने फार बोलकी आहे. जॉर्डन मेक्नर या तरुणाने येल विद्यापीठात शिकत असतानाच 'कराटेका' नावाचा खेळ रचून १९८४ साली नाव मिळवले होते. पुढच्या खेळातील माणूस खऱ्या माणसासारखा हलावा, असा ध्यास घेऊन त्याने १९८५ साली न्यूयॉर्क राज्यातल्या चॅपाक्वा या गावी एका वाहनतळावर आपला धाकटा भाऊ डेव्हिड याला पांढरे कपडे घालून पळायला, उड्या मारायला, कठड्याला लोंबकळून वर चढायला लावले आणि ते सारे व्हिडिओ कॅमेऱ्याने टिपले. त्या चित्रफितीतला एकेक क्षण छायाचित्रात उतरवून, प्रत्येक छायाचित्रावर हाताने बाह्यरेषा गिरवून, त्या आकृत्या त्याने 'ॲपल टू' या संगणकात भरल्या. तलवारीच्या हातांसाठी त्याने १९३८ सालच्या रॉबिन हूडवरील चित्रपटातला एक द्वंद्वप्रसंग निवडला; एरल फ्लिन आणि बॅझिल रॅथबोन हे दोन नट त्या प्रसंगात काही क्षण कॅमेऱ्याला अगदी आडवे उभे राहून लढताना दिसतात, आणि तेवढ्या तुकड्यावर या खेळातले सारे तलवारयुद्ध उभे आहे. संगीत मेक्नरच्या वडिलांनी, फ्रान्सिस मेक्नर यांनी, रचून दिले. घरातल्या माणसांच्या अंगच्या गुणांवर आणि कमालीच्या चिकाटीवर तयार झालेली ही कृती आहे, आणि ती तयार व्हायला चार वर्षे लागली.

एका खऱ्या मुलाच्या शरीराचा तोल या चित्रात उतरला, याचे परिणाम खेळताना प्रत्येक पावलावर जाणवतात. तत्पूर्वीच्या बहुतेक खेळांतला नायक कळ दाबताच उडे आणि कळ सोडताच थांबे. हा तरुण मात्र धावता धावता एकदम थांबू शकत नाही, त्याला एखाद-दुसरे पाऊल घसटत जावे लागते, आणि ते पाऊल दरीच्या काठावर पडले तर संपले. लांब उडीसाठी त्याला आधी धाव घ्यावी लागते, खाली उतरायचे तर पाठमोरे होऊन कठड्याला हात द्यावा लागतो, जमिनीतून उसळणाऱ्या सुळ्यांमधून दबक्या पावलांनी जावे लागते. प्रथम खेळणाऱ्याला हे सर्व अडथळे वाटतात आणि आपली बोटे चुकीच्या क्षणी घाई करतात. पाचव्या-सहाव्या खेपेस हीच बंधने लय होतात. खिळखिळी फरशी पायाखाली वाजताच पुढची उडी आपोआप घेतली जाते, जबड्यासारखे उघडझाप करणारे पाते उघडे असते त्या क्षणी नेमके पाऊल पडते, आणि जिथे एकेकाळी अर्धा तास अडखळत काढला ती लेव्हल दोन-तीन मिनिटांत, एकही पाऊल वाया न घालवता, पार पडते. या आनंदाला मी विजयाचा आनंद म्हणणार नाही. तो एखादी हरकत गळ्यात बसल्याचा आनंद आहे.

पण केवळ हस्तकौशल्यासाठी माणूस तीस वर्षे परत येत नाही. या खेळाच्या मध्यभागी एक कल्पना आहे, आणि ती सुचली तीही तुटवड्यातून. खेळ बराच तयार झाला तेव्हा त्यात लढण्यासाठी शत्रूच नव्हते, आणि नव्या आकृत्या सामावून घेण्याइतकी जागा 'ॲपल टू'च्या स्मृतीत उरलेली नव्हती. तेव्हा मेक्नरने असे केले की, नायकाचीच आकृती घेऊन एका साध्या द्विमान गणिती क्रियेने ती पडद्यावर चमकवली. नवी जागा न खर्चता नायकाची एक छाया तयार झाली. चौथ्या लेव्हलमध्ये वाटेत एक आरसा आडवा येतो. परत फिरायला वाव नसतो, म्हणून तरुण आरशातून आरपार उडी घेतो, आणि त्याच क्षणी त्याचे प्रतिबिंब दुसऱ्या बाजूने बाहेर पडून निघून जाते व त्याची सारी जीवनशक्ती एका थेंबापुरती उरते. पुढच्या लेव्हलमध्ये ती छाया आपल्या डोळ्यांदेखत औषधाची कुपी पिऊन टाकते. त्याच्याही पुढच्या लेव्हलमध्ये ती दरवाजाची कळ दाबून आपल्याला खाली लोटते. बाराव्या लेव्हलमध्ये, राजवाड्याच्या माथ्यावर, ती तलवार उपसून समोर उभी राहते. तिच्यावर केलेला प्रत्येक वार आपल्याच अंगावर उमटतो, आणि तिला ठार केले तर आपणही मरतो. तलवार म्यान करून निःशंकपणे तिच्याकडे चालत जावे, हा एकच मार्ग. मग दोघे एकरूप होतात, आणि जिथे दरी होती तिथे पावलागणिक पूल प्रकट होत जातो.

पहिल्या खेपेस हा प्रसंग एक चकवा म्हणून लक्षात राहतो. दुसऱ्या खेपेस, आरशाच्या दालनात पाऊल टाकतानाच, पुढे काय होणार हे ज्ञात असल्यामुळे सगळ्याचा अर्थ पालटतो: ती कुपी चोरणारा, तो दरवाजा बंद करणारा कोणी परका नव्हता, आणि त्याच्याशी शेवटी करायचा आहे तो तह आहे, युद्ध नाही, हे मनात ठेवून आपण बाकीचा प्रवास करतो. खेळातली एकही फरशी बदललेली नसते. हे सामर्थ्य संगणकाच्या खेळात असू शकते, हे ज्यांना पटत नाही त्यांनी या नऊ लेव्हल्स तरी सलग खेळून पाहाव्यात, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

काटकसरीचा दुसरा, आणि याहून वेगळा, मार्ग त्याआधीच कॅलिफोर्नियात सापडला होता. मायकेल टॉय, ग्लेन विचमन आणि केन अर्नोल्ड या विद्यार्थ्यांनी १९८० च्या सुमारास 'रोग' नावाचा खेळ रचला. विद्यापीठांतल्या त्या काळच्या पडद्यांवर फक्त अक्षरे उमटत, म्हणून भुयाराच्या भिंती रेघांच्या, राक्षस म्हणजे इंग्रजी वर्णमालेतली अक्षरे, आणि स्वतः खेळणारा म्हणजे ईमेलच्या पत्त्यात असते ते चिन्ह. आपणच रचलेल्या भुयाराची वाट आपल्याला आधीच माहीत असते, म्हणून रचनाकारालाही स्वतःचा खेळ खेळण्यात गोडी राहत नाही, ही अडचण या तरुणांना दूर करायची होती. तेव्हा भुयारे रचण्याचे काम त्यांनी यंत्राकडे सोपवले, आणि यंत्र दर खेपेस नवे भुयार रचू लागले. दालने निराळी, वाटा निराळ्या, औषधांचे रंगही निराळे. काल ज्या निळ्या औषधाने जखम भरली तेच आज आंधळे करील. आणि मरण आले की ते कायमचे. मागच्या मुक्कामावर परतण्याची सवलत नाही.

अशा खेळात पाठांतर निरुपयोगी ठरते आणि नियमांचे ज्ञान तेवढे कामास येते. 'रोग'च्या परंपरेतला 'नेटहॅक' हा खेळ १९८७ साली आला आणि स्वयंसेवक त्याच्यात आजतागायत भर घालत आले आहेत. त्याचे उदाहरण घेतले म्हणजे या ज्ञानाची जात कळेल. त्यात कोंबड्यासारखा एक प्राणी आहे, ज्याच्या नुसत्या स्पर्शाने माणसाचा पाषाण होतो. तो मेल्यावरही त्याचा हा गुण नाहीसा होत नाही. तेव्हा हातमोजे घालून त्याचे कलेवर उचलले, तर तेच शस्त्र म्हणून चालवून इतरांचा पाषाण करता येतो. मात्र ते हातात असताना खड्ड्यात पडलात, तर आपलेच अंग त्याला लागते आणि आपणच पाषाण होता. कोणत्याही पुस्तिकेत न वाचता केवळ नियम जोडून जोडून माणूस या निष्कर्षाला पोचतो. चाळीस वर्षे जुन्या, चित्रांचा मागमूस नसलेल्या या खेळांना आजही निष्ठावंत खेळणारे आहेत ते यामुळेच. याच कुळातल्या 'हेडीस' या २०२० सालच्या खेळाने तर मरणालाच कथेत सामावून घेतले: ग्रीक यमलोकातून पळू पाहणारा राजपुत्र मेला की बापाच्या दरबारात परत येतो, आणि तिथली माणसे प्रत्येक परतीला त्याच्याशी काही नवे बोलतात, म्हणून हरण्याचीही थोडी ओढ लागते.

सिड मायर याच्या 'सिव्हिलायझेशन' (१९९१) या खेळातही जगाचा नकाशा दर वेळी नवा असतो, परंतु त्याच्याविषयी इथे एकच गोष्ट सांगतो, कारण ती भारताशी संबंधित आहे आणि बहुधा चुकीची सांगितली जाते. या खेळात भारताचे नेतृत्व महात्मा गांधींकडे असते, आणि मूळ खेळातल्या एका आकडेमोडीच्या दोषामुळे हे गांधी अचानक अणुबॉम्बची धमकी देऊ लागत, अशी आख्यायिका वर्षानुवर्षे प्रचलित आहे. मायरने २०२० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आत्मकथनात असा दोष मूळ खेळात नव्हताच, असे स्पष्ट केले आहे. नंतरच्या एका आवृत्तीत मात्र रचनाकारांनी गांधींचा अण्वस्त्रांकडे कल मुद्दाम वाढवून ठेवला.

निवडीचे स्वातंत्र्य देणाऱ्या खेळांत 'ड्यूस एक्स' हा मला सर्वांत थोर वाटतो. तो २००० साली निघाला. टेक्सस राज्यातील ऑस्टिन येथे वॉरन स्पेक्टर यांच्या नेतृत्वाखाली तो घडला. त्यात २०५२ सालचे जग आहे, महामारी पसरली आहे, तिच्यावरची लस मूठभर सत्ताधाऱ्यांच्या ताब्यात आहे, आणि आपण एका जागतिक पोलीस यंत्रणेचे नवे हस्तक आहोत. प्रत्येक इमारतीत शिरण्याचे तीन-चार मार्ग आहेत, शस्त्राने, युक्तीने, गटारातून, कुलूप उघडून. पण आजकाल असे अनेक खेळ निघतात आणि त्यांचे पर्याय दुकानातल्या मालासारखे मांडलेले असतात. 'ड्यूस एक्स'चे वैशिष्ट्य असे की, तो आपले पर्याय सांगतच नाही. खेळाच्या एका टप्प्यावर न्यूयॉर्कच्या एका जुनाट हॉटेलात आपला थोरला भाऊ पॉल आजारी अवस्थेत असतो; सैनिकांची धाड येते, आणि तो आपल्याला खिडकीतून निसटून जा असे विनवतो. बहुतेक खेळणारे त्याचे ऐकतात. पुढे त्याचे प्रेत दिसते, आणि हे विधिलिखितच होते असे समजून ते पुढे जातात, कारण इतर खेळांनी त्यांना तीच सवय लावलेली असते. परंतु जो त्याचे न ऐकता थांबतो, सैनिकांशी लढतो आणि समोरच्या दाराने बाहेर पडतो, त्याचा पॉल वाचतो. पुढे तो भेटतो, बोलतो, जिवंत असतो. खेळ पुरा झाल्यावर कधी तरी ज्याला हे कळते, त्याला पुन्हा खेळण्यावाचून गत्यंतर उरत नाही. पहिल्या खेपेस आपण भावाला सोडून पळालो, आणि तसे करायला आपल्याला कोणीही भाग पाडले नव्हते, हे जाणवणे किती अस्वस्थ करणारे आहे, हे ज्याने अनुभवले त्यालाच माहीत.

नैतिक अस्वस्थतेचा हाच धागा जपानी रचनाकार फुमितो उएदा यांच्या 'शॅडो ऑफ द कोलॉसस' (२००५) या खेळात अधिक खोल जातो. एका निषिद्ध, निर्मनुष्य प्रदेशात वाँडर नावाचा तरुण एका मृत तरुणीला घेऊन येतो. मंदिरातून एक आवाज त्याला सांगतो की, या प्रदेशातल्या सोळा महाकाय जीवांना मारलेस, तर तिला प्राण परत मिळू शकतील. सोबतीला ॲग्रो नावाची घोडी, एक तलवार, एक धनुष्य. वाटेत दुसरा शत्रू नाही, गाव नाही, खजिना नाही. मैलोन्‌मैल गवत, खडक आणि वारा. प्रत्येक महाकाय जीव म्हणजे एक चालता पर्वत. त्याच्या केसाळ अंगाला धरून, हातातले बळ संपण्याआधी, मर्मस्थानापर्यंत चढायचे. पहिल्या फेरीत हे साहस वाटते. शेवटी कळते की, त्या आवाजाने आपल्याला फसवून आपल्याकरवी स्वतःची मुक्तता करून घेतली. हे ठाऊक असताना दुसऱ्यांदा तिथे जाणारा माणूस निराळ्याच गोष्टी पाहू लागतो: या जीवांपैकी कित्येक आपल्या वाटेला न जाता शांतपणे फिरत होते, ते कोसळतात तेव्हाचे संगीत विजयाचे नाही, विलापाचे आहे, आणि एकेका वधागणिक वाँडरची कांती काळवंडत, निस्तेज होत चालली आहे.

आणि या खेळाने पुन्हा पुन्हा येणाऱ्यासाठी एक स्थान राखून ठेवले आहे. ज्या मंदिरातून आपण निघतो त्याच्या भिंतीवर वेली वाढलेल्या आहेत. त्यांना धरून वर चढता येते, पण हातातले बळ अर्ध्यावरच संपते. ते बळ प्रत्येक फेरीत थोडे थोडे वाढते आणि पुढच्या फेरीला कायम राहते, म्हणून अनेकदा सबंध खेळ पुरा केल्यावर एक दिवस असा येतो की, चढणारा माथ्यावर पोचतो. तिथे एक बाग आहे. झाडांना फळे आहेत. इतर ठिकाणची फळे खाल्ली तर शक्ती वाढते. या बागेतली खाल्ली, तर इतक्या फेऱ्यांत कमावलेली शक्ती घटते. कसलेही स्पष्टीकरण नाही, शाबासकी नाही. व्हिडिओ गेमच्या कलेत पुनरावृत्तीवर केलेले याहून गंभीर भाष्य मला आढळलेले नाही.

न्यायाने सांगायचे तर काही थोर खेळ पुन्हा खेळता येतच नाहीत. 'आउटर वाइल्ड्स' (२०१९) या खेळात एका छोट्या सूर्यमालेचा सूर्य दर बावीस मिनिटांनी फुटतो आणि काळ पुन्हा मूळ पदावर येतो. एका फेरीतून दुसऱ्या फेरीत आपण नेतो ते फक्त ज्ञान, शस्त्र नाही की शक्ती नाही. ज्ञानच किल्ली असल्यामुळे, सर्व काही कळल्यावर ती सूर्यमाला कायमची उघडी पडते. असा खेळ आपल्याला आवडलेल्या माणसाच्या हाती द्यावा आणि शेजारी बसून त्याला खेळताना पाहावे. दुसरी फेरी ती तशी.

आता एका चिंतेच्या विषयाकडे वळतो. अनेकांनी मिळून खेळायचे खेळ हे सर्व्हरवर आणि सहखेळाडूंच्या हजेरीवर अवलंबून असतात. कंपनीने सर्व्हर बंद केला की त्यांचा अंत होतो. एकट्याने खेळायचा खेळ याला अपवाद असायला हवा. तो आपल्या कपाटात राहावा आणि मनात येईल तेव्हा काढता यावा. प्रत्यक्षात तसे घडत नाही. पुस्तकाला वाळवी लागेपर्यंत ते उघडून वाचता येते. खेळाला मात्र त्याचे यंत्र लागते, यंत्राला त्याची प्रणाली लागते, आणि ही साखळी पंधरा-वीस वर्षांत तुटते. अमेरिकेतील व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन या संस्थेने २०२३ साली केलेल्या पाहणीत असे आढळले की, तिथे २०१० पूर्वी प्रसिद्ध झालेल्या जुन्या खेळांपैकी सुमारे ८७ टक्के आज अधिकृतपणे विकत मिळत नाहीत. ग्रंथालयांनी आपल्या संग्रहातले असे खेळ अभ्यासकांना दूरस्थ पद्धतीने पाहू द्यावेत, यासाठी स्वामित्वहक्काच्या कायद्यात सवलत मागण्यात आली होती. २०२४ साली ती नामंजूर झाली.

जे काही वाचले आहे ते बरेचसे स्वेच्छेने राबणाऱ्यांनी वाचवले आहे. डॉसवरचे जुने खेळ नव्या यंत्रावर चालवणारी 'डॉसबॉक्स' ही प्रणाली २००२ पासून विनामूल्य उपलब्ध आहे, आणि 'प्रिन्स ऑफ पर्शिया' आज आपण खेळतो तो पुष्कळदा तिच्याच आधाराने. पोलंडमधल्या एका कंपनीने २००८ साली सुरू केलेल्या 'गॉग' या दुकानात जुने खेळ दुरुस्त करून, नकलेविरुद्धची कुलुपे काढून विकले जातात. 'ड्यूस एक्स' तिथे सहज मिळतो. मेक्नरच्या खेळाची मूळ संकेतावली कित्येक वर्षे हरवली होती. ज्या फ्लॉपींवर ती होती त्या अखेर त्याच्या वडिलांना एका खोक्यात मिळाल्या, आणि २०१२ च्या एप्रिलमध्ये जेसन स्कॉट व टोनी डियाझ या जाणकारांनी जुनी यंत्रे जुळवून ती वाचून काढली व मेक्नरने ती सर्वांना खुली केली. खोके कोणी टाकून दिले असते, तर हा दस्तऐवज नष्ट झाला असता. एखाद्या वडिलांच्या जपून ठेवण्याच्या सवयीवर एका कलेचा इतिहास अवलंबून राहावा, ही व्यवस्था खचितच पुरेशी नाही.

आपल्याकडे हा प्रश्न आता दूरचा राहिलेला नाही. पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या संस्थेने २०२० साली 'राजी' हा खेळ प्रसिद्ध केला. सर्कशीत कसरती करणारी राजी आपल्या पळवून नेलेल्या भावाला, गोलूला, महाबलासुराच्या तावडीतून सोडवायला निघते, आणि तिच्या प्रवासाचे वर्णन दुर्गा व विष्णू आपसांत बोलत करतात. मधले कथाभाग छायाबाहुल्यांच्या शैलीत आहेत, महाल आणि मंदिरे पहाडी चित्रांच्या व राजस्थानी वास्तूंच्या वळणाची आहेत. तिच्या लढाया मला काहीशा ताठर वाटतात, आणि उंच कड्यांवरून उड्या घेताना दृष्टिकोन कधी कधी दगा देतो. परंतु वाटेत भिंतींवर पुराणकथा रंगवलेल्या आहेत, तिथे थांबले की ते दोन देव त्या चित्राची कथा सांगतात, आणि पहिल्या खेपेस पुढे पळण्याच्या नादात त्यांतल्या निम्म्या सुटतात. काही तासांचाच हा खेळ आहे. दोन फेऱ्या त्याला द्याव्यातच.

याच पुण्यात १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले, तेव्हा भारतीय मूकपटांपैकी फार थोडे शिल्लक उरले होते, पी. के. नायर यांनी पुढे गावोगाव फिरून दादासाहेब फाळक्यांच्या चित्रपटांचे उरलेसुरले अंश गोळा केले, आणि आज आपण जे पाहू शकतो ते त्यांच्या परिश्रमामुळे. त्या संग्रहालयाच्या धर्तीवर खेळांचेही एक दप्तर सरकारने किंवा एखाद्या विद्यापीठाने उघडावे, आणि कृती नव्या आहेत, निर्माते हयात आहेत, फायली वाचता येत आहेत, तोवरच कामाला लागावे. 'राजी'ची संकेतावली, तिच्या चित्रकारांची रेखाटने, टाकून दिलेले मसुदे, ध्वनिमुद्रणे, आणि ज्या यंत्रांवर ती आज चालते त्यांपैकी प्रत्येकाचा एक चालू नमुना दुरुस्तीच्या सुट्या भागांसह, एवढे जरी रीतसर जमा करून घेतले तरी पहिल्या वर्षाचे काम झाले.